एका ग्रंथीत दोन गाठी: योगायोगाचा हिशेब

पिट्युटरी ग्रंथीचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळापासून बरीच आत, हाडाच्या एका छोट्या खळगीत ती बसलेली असते. उंची, पाळी, अंगावरचे दूध, थायरॉइडचे काम, ताणाला तोंड देण्याची शरीराची ताकद या सगळ्यांचे हार्मोन तिच्यातल्या निरनिराळ्या पेशी तयार करतात, आणि या पेशींची कधी कधी सौम्य गाठ होते, हे वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. पिएर मारी यांनी १८८६ साली ॲक्रोमेगॅलीचे वर्णन केले. हातपाय, जबडा, नाक वाढत जाण्याच्या त्या आजाराचा संबंध पुढे ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या गाठीशी लागला. हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली चेहरा सुजलेला, पोट सुटलेले, हातपाय मात्र काडीसारखे, अशा रुग्णांचा आजार पिट्युटरीतल्या अगदी बारीक गाठीशी जोडला. दोन्ही शोधांमागे चौकट एकच होती: एक रुग्ण, एक आजार, एक गाठ. ही चौकट इतकी सोयीची ठरली की एकाच ग्रंथीत दोन स्वतंत्र गाठी सापडल्या की त्या रुग्णाचा वृत्तांत आजही ‘दुर्मीळ’ या विशेषणासह छापला जातो आणि लेखाच्या शेवटी कारणमीमांसेच्या चार-पाच कल्पना मांडल्या जातात. उपलब्ध आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर मला या विशेषणात काही दम दिसत नाही. दोन गाठी सापडणे हे बहुतांशी निव्वळ योगायोगाने जितके घडायला हवे तितकेच घडते. शस्त्रक्रियेत त्या कमी दिसतात, कारण तिथे दुसरी गाठ शोधण्याची वेळच क्वचित येते. आणि ज्या मूठभर आजारांत योगायोगाचा हिशेब चुकतो, तेवढ्यांनाच वेगळ्या कारणाची गरज आहे.

आधी एका गाठीचा हिशेब. पिट्युटरीची काहीही तक्रार नसलेल्या, भलत्याच कारणाने मरण पावलेल्या माणसांच्या ग्रंथी कापून पाहिल्या तर त्यांत लहान गाठी आढळतात. मेयो क्लिनिकच्या आर. टी. कॉस्टेलो यांनी १९३६ साली १००० ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांतल्या २२.५ टक्के ग्रंथींत कुणाला कधी जाणवल्याच नाहीत अशा गाठी नोंदवल्या. पुढे अनेक ठिकाणी अशा मोजण्या झाल्या. आकडे खाली-वर झाले, पण शून्याजवळ कधी गेले नाहीत. एझत आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सगळे अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी शवविच्छेदनांत १४.४ टक्के, प्रतिमांत २२.५ टक्के आणि एकूण १६.७ टक्के होती. १९९४ मध्ये १०० निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढले गेले, तेव्हा १० जणांच्या पिट्युटरीत गाठीसारखा डाग दिसला. म्हणजे आपल्या आसपासच्या दर सात-दहा प्रौढांत एकाच्या डोक्यात ही बारीकशी गाठ निमूट बसलेली असू शकते, आणि बहुतेकांना तिचा जन्मभर पत्ता लागत नाही. गाठ इतकी सर्रास असेल तर एकाच ग्रंथीत दुसरी सापडली म्हणून एवढे दचकायचे का?

हा प्रश्न तोलायला सगळ्यात उपयोगी पडणारी मोजणी जर्मनीतली आहे. बूरमान आणि झेगर यांनी २००६ साली ३०४८ शवविच्छेदनांतल्या पिट्युटरींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांना ३१६ ग्रंथींत गाठी सापडल्या, पण गाठींची एकूण संख्या ३३४ होती. म्हणजे १८ गाठी ‘जादा’, एकाहून अधिक गाठी असलेल्या ग्रंथींतल्या. आता वळवाच्या पहिल्या सरीचे टपोरे थेंब फरसबंद अंगणात पडत आहेत असे समजा. ३०४८ फरश्या आहेत आणि थेंब कुठेही पडतो, आधी भिजलेल्या फरशीला टाळत नाही की तिच्याकडे ओढलाही जात नाही. ३१६ फरश्या भिजल्या असतील तर एकूण थेंब किती पडले असावेत? सिमेऑन पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली मांडलेल्या सूत्राने हे काढता येते. कोरड्या राहिलेल्या २७३२ फरश्यांच्या प्रमाणावरून दर फरशीमागे सरासरी ०.१०९ थेंब येतात आणि एकूण थेंब ३३४ च्या आसपास निघतात. प्रत्यक्षात मोजलेल्या गाठी ३३४. इतका चपखल आकडा पाहून उलट संशय यावा; आणि तो घ्यायलाही हवा. पण निदान एवढे तरी मान्य करावे लागेल की दुसऱ्या गाठीसाठी पहिलीने काही खास जमीन तयार केली असा कसलाही पुरावा या आकड्यांत नाही.

टोरांटोच्या कोन्टोजिओर्गोस, कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा शवविच्छेदनांचा अभ्यास याच बाजूने बोलतो. त्यांनी एकाहून अधिक गाठी असलेल्या ग्रंथींचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के नोंदवले. सात-आठ प्रौढांत एकाला गाठ, हे प्रमाण धरून वरचेच सूत्र लावले तर साधारण याच्याच आगेमागे उत्तर येते. हा आकडा पाठ्यपुस्तकांत ‘एक टक्क्याहूनही कमी’ असा येतो आणि वाचणाऱ्याला तो दुर्मीळतेचा दाखला वाटतो. पण सगळ्या प्रौढांमागे एक टक्का आणि गाठ असलेल्यांमागे पाच-सात टक्के, ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे आहेत. गाठ घेऊन डॉक्टरकडे आलेल्या माणसाला दुसरी संख्या लागू होते, पहिली नव्हे.

यावर पहिला आक्षेप संख्याशास्त्राचा आणि तो रास्त आहे. माणसे फरश्यांसारखी एकसारखी नसतात. वय, लिंग, आनुवंशिकता यांनुसार गाठ होण्याची शक्यता कमी-जास्त असणारच, आणि तशी ती असेल तर जास्त शक्यता असलेल्या थोड्या लोकांत दुहेरी गाठींची दाटी व्हायला हवी. खरे आहे. समजा, गाठी होण्याची सगळी प्रवृत्ती लोकसंख्येच्या फक्त एक चतुर्थांश भागात एकवटली असती. तर ३०४८ मध्ये दोन किंवा अधिक गाठी असलेल्या ग्रंथी सत्तर-ऐंशीच्या घरात गेल्या असत्या. सापडल्या त्या फार तर १८. म्हणजे प्रवृत्तीत प्रचंड तफावत असल्याची शक्यता या मोजणीने बऱ्यापैकी मोडीत निघते. सौम्य तफावत मात्र असू शकते. तिने १७ चे २० होतील आणि एवढ्या लहान संख्येत ते ओळखू येणार नाही. दुसरी बाजूही आहे. ग्रंथीचे काप ठरावीक अंतरावर घेतले जातात आणि मधल्या मध्ये एक-दोन मिलिमीटरच्या गाठी निसटतात. सगळ्याच गाठी सारख्या प्रमाणात निसटत असतील तर हिशेब बिघडत नाही, नुसता आकडा सगळीकडे सारखा घटतो. पण एक गाठ सापडल्यावर पाहणारा थांबत असेल, किंवा चिकटलेल्या दोन गाठी एक म्हणून मोजल्या जात असतील, तर दुहेरी गाठी खऱ्यापेक्षा कमी भरतात. उलट, एकच वाकडीतिकडी गाठ दोन कापांत दोन ठिकाणी दिसली तर त्या जास्त भरतात. या चुका एकमेकींना छेद देऊन तो देखणा आकडा तयार झाला असेल, हे मी नाकारत नाही. म्हणूनच त्या एका आकड्यावर सगळी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून येतो. टोरांटोच्याच गटाने १९९२ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचा आढावा घेतला, तेव्हा दुहेरी गाठींचे प्रमाण सुमारे ०.४ टक्के होते. जॉन रॅटलिफ आणि एडवर्ड ओल्डफिल्ड यांनी २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या कुशिंग आजारावरच्या ६६० शस्त्रक्रिया तपासल्या; १३ रुग्णांत दोन किंवा अधिक वेगळ्या गाठी होत्या, म्हणजे २ टक्के. शवविच्छेदनात, गाठ असलेल्या ग्रंथींपुरते पाहिले तर, हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. आजार बदलला म्हणून हे आकडे बदलले असे मानायला माझे मन तयार नाही. ते बदलतात ते किती पाहिले यावर. सर्वसाधारण शस्त्रक्रियेत गाठ सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची असते. तिने मूळ ग्रंथी चेपून भिंतीला लावलेली असते, सर्जन गाठ तुकड्यातुकड्यांनी ओढून काढतो आणि निरोगी ग्रंथीला हात लावायचे टाळतो. तेच योग्य आहे. पॅथॉलॉजिस्टच्या हाती येतो तो तुकड्यांचा ढीग. कुशिंग आजारात मात्र गाठ अनेकदा चार-पाच मिलिमीटरची किंवा एमआरआयवर न दिसणारी असते, म्हणून सर्जनला ग्रंथीत उभे-आडवे छेद घेऊन शोधावे लागते. शोधले की सापडते. शवविच्छेदनात तर पूर्ण ग्रंथीच समोर असते. जितकी ग्रंथी डोळ्यांखालून जाते तितक्या दुहेरी गाठी वाढतात, हा क्रम मला कुठल्याही एका टक्केवारीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

त्यात आणखी एक दुवा आहे. रॅटलिफ आणि ओल्डफिल्ड यांच्या रुग्णांत, कुशिंगला कारणीभूत गाठीसोबत आगंतुक म्हणून सापडलेली गाठ बहुतेक वेळा प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरच्या दुधाचा हार्मोन, बनवणाऱ्या पेशींची होती. बूरमान आणि झेगर यांच्या शवविच्छेदनांतही सगळ्यात मोठा वाटा, साधारण ४० टक्के, याच पेशींच्या गाठींचा. कुशिंग आजार घडवणारा एसीटीएच हा हार्मोन बनवणाऱ्या गाठीने शेजारी दुसरी गाठ उठवली असती, तर त्या दुसऱ्या गाठीच्या जातीत काही वेगळा कल दिसला असता. दिसतो तो रस्त्यावरच्या कोणाही निरोगी माणसाच्या ग्रंथीत दिसावा तसाच.

आता दोन गाठी ‘दोन’ कशावरून, हा प्रश्न. यावर बराच वाद झाला आहे आणि काही काळ तो योग्यच होता. निरोगी ग्रंथीचा काप चांदीच्या क्षारांनी रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे लहान लहान पुंजके दिसतात आणि प्रत्येक पुंजक्याभोवती काळ्या, नाजूक तंतूंचे अखंड कडे असते. गाठीत हे जाळे फाटते. पेशी एकसारख्या, कड्यांशिवाय पसरलेल्या दिसतात. दोन गाठींच्या मध्ये अखंड जाळ्याची पट्टी असेल तर त्या दोन आहेत, याबद्दल कोणी भांडत नाही. भांडण होते ते दोन्ही गाठी एकमेकींना टेकल्या असतील तेव्हा. एकाच गाठीतल्या पेशी दोन हार्मोन बनवू शकतात, ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिनची जोडी तर नेहमीचीच. मग अर्ध्या भागात एक रंग आणि अर्ध्यात दुसरा दिसला तर ती एक दुहेरी हार्मोनची गाठ की दोन गाठी? जुन्या वृत्तांतांतल्या कित्येक ‘दुहेरी’ गाठी या कसोटीवर डळमळतात.

हा गुंता बराचसा सुटला तो हार्मोनऐवजी पेशीच्या केंद्रकातली प्रथिने रंगवायला लागल्यावर. पिट्युटरीतल्या पेशी वाढत असतानाच तीन मुख्य वाटांना लागतात आणि प्रत्येक वाटेची खूण असणारे एक प्रथिन केंद्रकात राहते. ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडला चालवणारा हार्मोन बनवणाऱ्या पेशींत पिट-१. एसीटीएच बनवणाऱ्यांत टी-पिट, जे २००१ साली माँट्रियालमध्ये सापडले. आणि प्रजननाचे हार्मोन बनवणाऱ्यांत एसएफ-१. काप पिट-१ साठी रंगवला की डावीकडची केंद्रके गडद तपकिरी होतात आणि उजवीकडची निळसर राहतात. लगेच पुढचा काप टी-पिटसाठी रंगवला की चित्र नेमके उलटते. सीमारेषा सरळ, मिसळ नाही. असा काप पाहिल्यावर एका गाठीची दोन अंगे म्हणणे अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात या प्रथिनांना मध्यवर्ती स्थान दिले आणि २०२२ च्या वर्गीकरणात एकाच वेळी असलेल्या अनेक गाठींची स्वतंत्र दखल घेतली. तेव्हापासून दुहेरी गाठींचे वृत्तांत वाढलेले दिसले, तर ती आजाराची वाढ समजू नये. पूर्वी ‘बहुहार्मोनी’ म्हणून फाइलबंद झालेल्या काही गाठी आता दोन म्हणून मोजल्या जात आहेत, इतकेच. (त्याच वर्गीकरणाने ‘ॲडिनोमा’ हा जुना शब्द बाजूला सारून ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे नाव रूढ केले, आणि पिट्युटरीच्या तज्ज्ञांच्या संघटनेतून त्याला जाहीर विरोधही झाला. दहातल्या एका प्रौढाजवळ असलेल्या निरुपद्रवी गाठीला एवढे धास्तीचे नाव कशाला, हा त्यांचा सवाल मला पटतो.)

इथे दुसरा आक्षेप येतो. पेशींची वाट वेगळी असली तरी बीज एकच नसेल कशावरून? वाटा फुटण्याआधीच्या एखाद्या मूळ पेशीत बिघाड झाला, तिच्या काही लेकी एका वाटेने गेल्या आणि काही दुसऱ्या, असे का नसावे? १९९० च्या सुमारास स्त्रियांच्या गाठींत एक्स गुणसूत्राची कोणती प्रत बंद आहे हे तपासून दाखवले गेले की पिट्युटरीतली बहुतेक प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असते. म्हणजे गाठीचा उगम एका पेशीतल्या बिघाडात आहे, सगळ्या ग्रंथीला मिळालेल्या बाहेरच्या चिथावणीत नाही. याने ‘हार्मोनच्या सततच्या माऱ्याने सगळी ग्रंथी चिघळली’ ही कल्पना बरीच मागे पडली. पण समान बीजाचा प्रश्न या तपासणीने सुटत नाही, कारण एक्स गुणसूत्राच्या दोनच प्रती असतात आणि दोन असंबद्ध गाठींत एकच प्रत बंद असण्याची शक्यता नाणेफेकीइतकी. इथे जनुकीय खुणा उपयोगी आहेत. ग्रोथ हार्मोनच्या पुष्कळ गाठींत जीनास या जनुकातला बिघाड १९८९ पासून माहीत आहे, एसीटीएचच्या गाठींत यूएसपी८ या जनुकातला २०१५ पासून. हे बिघाड आपापल्या जातीच्या गाठींतच प्रामुख्याने आढळतात, ही गोष्ट समान बीजाच्या विरोधात जाते. ती निर्णायक म्हणता येणार नाही, पण पारडे कुठे झुकते हे दाखवते.

मग योगायोगाचा हिशेब कुठे मोडतो? अशा जागा आहेत आणि तिथे तो मोडतो तेव्हा ठळकपणे मोडतो. मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेझिया टाइप १ या आनुवंशिक आजारात पॅराथायरॉइड, स्वादुपिंड आणि पिट्युटरी या तिन्हींत गाठी होतात. त्यामागचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९७ साली शोधले गेले, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते सेट्टर चंद्रशेखरप्पा. फ्रान्सच्या जॅकलीन त्रुयास आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या आजाराच्या ७७ रुग्णांच्या पिट्युटरी गाठींची तुलना हा आजार नसलेल्या २५०९ जणांच्या गाठींशी केली. एकाहून अधिक गाठी पहिल्या गटात ४ टक्के, दुसऱ्यात ०.१ टक्का. दोन्हीकडे शस्त्रक्रियेतलाच माल, पाहणारे तेच, पद्धत तीच. तरी चाळीसपट फरक. हा पाहण्याचा भ्रम असू शकत नाही. इथे ग्रंथीतल्या प्रत्येक पेशीत जनुकाची एक प्रत जन्मापासूनच खराब असते, दुसरी बिघडली की गाठ. फरशी मुळातच ओली आहे म्हणा. कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजारात आणि बाळांना पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच राक्षसी उंची देणाऱ्या, २०१४ साली एक्स गुणसूत्रावरच्या जीपीआर१०१ जनुकाशी जोडल्या गेलेल्या आजारात तर याहून पुढची पायरी दिसते: ग्रोथ हार्मोनच्या पेशी आधी सगळ्या ग्रंथीभर फोफावतात आणि त्या फोफाव्यात जागोजागी गाठी उगवतात. अशा ग्रंथीत ‘किती गाठी’ हा प्रश्नच निरर्थक होतो, आणि एक गाठ वेचून काढून रुग्ण बरा होईल ही आशाही.

पिट्युटरीच्या गाठीला भलत्याच जातीची सोबत मिळते, त्याचाही हाच न्याय. रॅथके पिशवी नावाचे जन्मजात अवशेष शवविच्छेदनांत इतके नेहमी सापडतात की ते गाठीशेजारी दिसले तर नवल नाही. क्रॅनिओफॅरिंजिओमा किंवा मेनिंजिओमा या वेगळ्या जातीच्या गाठींची सोबत विरळ, आणि तीही बहुधा योगायोगाचीच. आधी किरणोपचार झालेले असतील तर मेनिंजिओमाला कारण मिळते. गँग्लिओसायटोमा मात्र अपवाद. चेतापेशींच्या या गाठीसोबत ग्रोथ हार्मोनची गाठ वारंवार आढळते आणि त्या चेतापेशींत ग्रोथ हार्मोनला चेतवणारा हार्मोन १९८० च्या दशकातच दाखवला गेला. तिथे एकीने दुसरीला जन्म दिला की दोघी एकाच पेशीतून निघाल्या, एवढाच वाद उरला आहे. दोघी अनोळखी असल्याचे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा असतो आणि तो सगळ्यात व्यवहारी आहे. दुसरी गाठ निव्वळ योगायोग असेल, ती निरुपद्रवी असेल, तर तिची एवढी चर्चा कशासाठी? माझ्या मते योगायोग मान्य केल्यानेच तिचे वजन वाढते. दुर्मीळ गोष्ट विसरली तरी चालते. दर वीस रुग्णांमागे एकाच्या ग्रंथीत जी असू शकते ती विसरून चालत नाही. कुशिंग आजाराचेच घ्या. रुग्णाच्या रक्तात, लघवीत कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन जास्त आहे, एसीटीएच दबलेले नाही, म्हणजे संशय पिट्युटरीवर. एमआरआयवर उजव्या बाजूला पाच मिलिमीटरचा डाग दिसतो. हा डागच गुन्हेगार आहे असे आपण गृहीत धरतो. पण दहापैकी एका निरोगी माणसाच्या एमआरआयवरही असा डाग असतो, आणि कुशिंगची खरी गाठ अनेकदा एमआरआयवर उमटतच नाही. सर्जन नाकावाटे जातो, डाग काढतो, गाठ हाती लागते, सगळ्यांना हायसे वाटते. तीन दिवसांनी सकाळच्या कॉर्टिसॉलचा अहवाल येतो आणि ते ५ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरायला हवे होते ते २० च्या वरच असते. आठवड्याने पॅथॉलॉजीचा कागद सांगतो की काढलेली गाठ प्रोलॅक्टिनची. आगंतुक पकडला गेला, चोर मागेच राहिला.

या फसगतीवरचा उपाय म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन्ही पेट्रोसल शिरांतून एकाच वेळी रक्त घेऊन एसीटीएच मोजतात. ओल्डफिल्ड यांच्या १९९१ च्या अभ्यासाने त्याचे निकष पक्के केले: हाताच्या शिरेतल्या पातळीच्या दुप्पट, किंवा चेतवणारे इंजेक्शन दिल्यावर तिप्पट. ही तपासणी गाठ पिट्युटरीत आहे की शरीरात अन्यत्र, हे फार छान सांगते. डावीकडे की उजवीकडे, हे तितक्या खात्रीने सांगत नाही. म्हणून एमआरआयचा डाग एका बाजूला आणि शिरांतला जोर दुसऱ्या बाजूला असेल, तर डाग निर्दोष असण्याची शक्यता सर्जनच्या मनात आधीपासून असायला हवी आणि डाग काढून झाल्यावर दुसरी बाजू उघडून पाहण्याची तयारीही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार गाठ १० मिलिमीटर किंवा मोठी असेल तर शिरांची तपासणी सहसा लागत नाही, ६ च्या खाली असेल तर ती करावी, आणि मधल्या पट्ट्यात तज्ज्ञांचे एकमत नाही. मधल्या पट्ट्यातल्या या मतभेदामागे आगंतुक गाठींचाच प्रश्न आहे. आपल्याकडे ही तपासणी मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच होते आणि ती हाताच्या सरावावर अवलंबून असते, तेव्हा मुंबई-पुण्याबाहेरच्या रुग्णाच्या बाबतीत तर एमआरआयच्या डागावर विसंबण्याचा मोह आणखी मोठा.

प्रोलॅक्टिनच्या बाबतीत फसगत उलट दिशेने होते. गाठ मोठी, प्रोलॅक्टिन वाढलेले, ते उतरवणारे कॅबरगोलिन हे औषध सुरू केले. प्रोलॅक्टिन झटक्यात खाली आले, पण गाठ जशीच्या तशी. बहुतेक वेळा याचे स्पष्टीकरण साधे असते: गाठ हार्मोन न बनवणारी होती आणि तिने ग्रंथीचा देठ दाबल्यामुळे प्रोलॅक्टिन थोडेसे चढले होते. पण प्रोलॅक्टिन शेकड्यांत असेल तर देठाचा दाब एवढे चढवत नाही, आणि मग शेजारी औषधाला दाद न देणारी दुसरी गाठ आहे का हे विचारायला हवे. ॲक्रोमेगॅलीत शस्त्रक्रियेनंतर ग्रोथ हार्मोन सामान्य झाले आणि मागे उरलेला भाग मात्र वाढत राहिला, तर तिथेही हाच प्रश्न. प्रसिद्ध वृत्तांतांत कुशिंग आणि ॲक्रोमेगॅलीचेच रुग्ण जास्त दिसतात, याचे कारण मला दुहेरी गाठींच्या स्वभावात दिसत नाही. हे दोन आजार लहान गाठीतही रुग्णाला टेबलापर्यंत आणतात आणि बरे झाले की नाही हे रक्ताच्या एका तपासणीत उघडे पाडतात. हार्मोन न सोडणारी मुकी गाठ काढल्यावर शेजारची दुसरी मुकी गाठ राहिली, तर ती पकडायला कोणती रक्ततपासणी आहे?

यातून कामाची गोष्ट निघते ती पॅथॉलॉजीच्या टेबलावर. तुकड्यांचा ढीग आला की त्यातला एखादाच तुकडा रंगवून अहवाल देण्याची रीत खर्चामुळे पडलेली आहे, आणि तिन्ही केंद्रक-प्रथिने रंगवणे प्रत्येक प्रयोगशाळेला परवडत नाही. सरसकट सगळ्यांना ती लावावीत असा आग्रह मी धरणार नाही. पण रुग्णाचा हार्मोन आणि काढलेल्या गाठीचा हार्मोन जुळत नसेल, तर ‘बहुहार्मोनी गाठ’ किंवा ‘अनपेक्षित निष्कर्ष’ असे लिहून अहवाल बंद करण्याआधी उरलेले सगळे तुकडे रंगवणे आणि सर्जनशी बोलणे, एवढे तरी व्हायला हवे. आणि तरुण रुग्णात दोन गाठी खरोखर सापडल्या, तर पॅराथायरॉइडच्या शंकेने कॅल्शियमची तपासणी आणि घराण्याची चौकशी करावी. कारण योगायोग तरुण वयात कमी घडतो, आनुवंशिक आजार जास्त.

हा सगळा युक्तिवाद चुकीचा ठरवायचा असेल तर तेही अशक्य नाही. हजारेक ग्रंथींचे सलग, पातळ काप घेऊन प्रत्येक गाठ वेगळी काढावी, तिचे जनुक वाचावेत आणि एकाच ग्रंथीतल्या जोड्यांत सामाईक बिघाड किती निघतात ते मोजावे. निरोगी भागातही तेच बिघाड सापडतात का, तेही पाहावे. वेगळ्या माणसांतल्या दोन गाठींपेक्षा एकाच ग्रंथीतल्या दोन गाठींचे बिघाड जास्त जुळले, तर समान बीजाची कल्पना पुन्हा दारात उभी राहील आणि ३३४ चा तो चपखल आकडा चुकांच्या बेरीज-वजाबाकीत जमा होईल.